चाकांवरचे घर आणि बर्फाची वाट

सांगोल्याला बर्फ ठाऊक तो रसवंतीगृहातला. पण आपली शिकलेली, नोकरीला लागलेली मुले आता आईवडिलांना घेऊन हिमालयातील बौद्ध स्थळांपर्यंत जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. स्पिती खोऱ्यातील ताबोचा विहार इ.स. ९९६ मध्ये उभा राहिला; तो पाहावा असे कुणाला वाटणार नाही? मात्र हिवाळ्यात गाडीतच झोपण्याचा नि रांधण्याचा बेत असेल, तर माता-भगिनींनो, आमचे थोडे ऐका.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना आपण टेम्पोत सतरंजी अंथरतो, स्टोव्ह बरोबर घेतो. टेम्पो म्हणजेच दोन दिवसांचे घर! उघड्या टेम्पोत वारा खेळतो, म्हणून निभावते. बर्फात मात्र आपण काचा घट्ट लावणार. आत शेगडी पेटवली किंवा इंजिन चालू ठेवून झोपलो, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे, लेकराबाळांसह, दगावली.

म्हणून झोपताना इंजिन बंद, शेगडी बाहेर. ऊब गोधड्यांची घ्यावी. वाटेत अडकलात तर आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढावा. मगच तासाला दहा मिनिटे इंजिन चालवावे, तेही एक काच थोडी खाली ठेवून. कुणाला मळमळले तर लगेच मोकळ्या हवेत न्यावे.

गाडी चालवणाऱ्याने चाकांना साखळ्या बांधाव्यात, खालचा गियर ठेवावा, ब्रेक एकदम दाबू नये. सावलीतल्या वळणावर नि पुलावर काचेसारखा बर्फ असतो. तो दिसत नाही. कडाक्यात साधे डिझेल गोठते. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत चालणारे डिझेल आणले, ते त्यासाठीच. मनालीकडून स्पितीत जाणारा कुंझुम घाट हिवाळ्यात बंद असतो. रस्त्याची चौकशी करूनच निघावे.

गाडीला लिंबू-मिरची बांधून बर्फ वितळत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला दैवावर नव्हे, बुद्धीवर विसंबायला शिकवले. तेव्हा रात्री घरातली बाई “काच जरा खाली करा” म्हणाली, तर थंडीचे निमित्त सांगून तिला गप्प बसवू नका.

जय भीम!