पेढे वाटून झाल्यावर

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात डोकं इतकं तापलं की म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

झालं असं, की आमच्या भाच्याने (दादाचा धाकटा, शिकागोत नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेत) पहिली गाडी घेतली. जुनीच कोरोला. ३,००० डॉलर आधी भरले, १२,००० चं कर्ज, ७.९ टक्के व्याज, पाच वर्षं. शुक्रवारी संध्याकाळी किल्ली हातात! शनिवारी ऑरोराच्या बालाजी मंदिरात पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं, साताऱ्याला फोटो गेले आणि वहिनीने आळीभर पेढे वाटले.

नवव्या दिवशी डीलरचा फोन. बँकेने कर्ज नाकारलं. १३.९ टक्क्यांच्या नव्या कागदांवर सही करा, नाहीतर गाडी परत आणा. भरलेले पैसे 'वापरापोटी' कापले जातील. आणि गाडी आणली नाहीत तर चोरीची तक्रार करू.

पोरगा घाबरला. व्हिसावरचा माणूस, पोलीस म्हटलं की पाय लटपटतात. मला म्हणाला, "आत्या, सही करून टाकतो गं. महिन्याला ३६ डॉलरच तर जास्त आहेत." अरे बाबा, ३६ गुणिले ६० किती? दोन हजारांच्या वर!

या प्रकाराला इथे 'स्पॉट डिलिव्हरी' म्हणतात. फसलेली माणसं त्यालाच 'यो-यो' म्हणतात. कर्जाच्या कागदावर सावकार म्हणून आधी डीलरच असतो. नंतर तो ते कागद एखाद्या बँकेला विकतो, आणि बँकेच्या दरावर स्वतःचा टक्का चढवलेला असतो. गिऱ्हाईक मिळालं नाही, की गठ्ठ्यातला एक कागद पुढे करतो : 'बँकेची मंजुरी मिळेपर्यंत विक्री पक्की नाही.' म्हणजे त्याच्यासाठी व्यवहार कच्चा आणि तुमच्यासाठी पक्का! तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडी परत न्या बघू. तीन दिवसांत व्यवहार मोडायचा जो केंद्रीय नियम आहे, तो दारावर येणाऱ्या विक्रेत्यांसाठी. डीलरच्या दुकानात घेतलेल्या गाडीला तो लागू नाही.

पण इलिनॉयच्या ग्राहक फसवणूक कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की विक्री कर्जमंजुरीवर अवलंबून असेल आणि अर्ज नाकारला गेला, तर आधी भरलेले सगळे पैसे परत करायचे. त्यातला काहीही भाग ठेवून घेता येत नाही. शिवाय १९७४ च्या समान पतसंधी कायद्याप्रमाणे नकार लेखी कळवावा लागतो आणि कारण विचारायचा हक्क आपल्याला आहे.

मी भाच्याबरोबर गेले आणि दोनच गोष्टी मागितल्या. बँकेचं नकाराचं पत्र, नाहीतर ३,००० चा चेक. मॅनेजर आत गेला. पत्र काही आलं नाही, वीस मिनिटांनी चेक आला. मग बँकेने खरंच नाकारलं होतं का? तुम्हीच ठरवा.

कोणी म्हणेल, "त्याच दिवशी गाडी मिळते, ही सोयच नाही का?" सोय कोणाची? बँकेचं उत्तर येईपर्यंत किल्ली देऊ नका, संपला प्रश्न. किंवा तोपर्यंत गिऱ्हाईकालाही व्यवहार मोडायची तेवढीच मुभा द्या. ते नको असतं, कारण पूजा झालेली, फोटो गेलेले, पेढे वाटलेले, आता हा कसला परत देतो, यावरच तर सगळा धंदा चालतो.

कोर्टात जावं म्हटलं तर पुष्कळदा कागदात लवादाची अट असते. गंमत बघा, हेच डीलर २००२ साली अमेरिकी काँग्रेसकडून कायदा करून घेऊन मोकळे झाले, की गाड्यांच्या कंपन्यांनी त्यांच्यावर अशी लवादाची सक्ती करू नये. स्वतःला जाचक वाटलेली अट गिऱ्हाईकाला मात्र चालते!

असो. नव्याने येणाऱ्या मुलांनो, आधी आपल्या बँकेतून किंवा क्रेडिट युनियनमधून कर्ज मंजूर करून घ्या, मग दुकानाची पायरी चढा. आणि मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय गाडी घरी आणू नका.

भाचा सध्या मेट्राच्या गाडीने कामाला जातो. वहिनी, पेढ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी फक्त दहा दिवस थांबून वाट.