नेवाळीचे कागद आधी उघडा

कल्याणजवळ, मलंगगडाच्या परिसरात नेवाळीची जुनी धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या आणि इंग्रज सरकारने देशभर घाईने विमानतळ उभारले, त्या काळातली ही. तिच्यासाठी आसपासच्या गावांतली सुमारे 1600 एकर जमीन घेतली गेली. युद्ध संपले, शेतकरी पुन्हा त्या जमिनीत भात लावू लागले. हक्क मात्र संरक्षण खात्याने सांगितला. पुढे नौदलाने कुंपणभिंत घालायला घेतली आणि 22 जून 2017 रोजी उद्रेक झाला: पोलिसांच्या गाड्या जळल्या, छर्रे झाडले गेले, गावकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. त्या जाळपोळीचे समर्थन होऊ शकत नाही. पण त्या दिवसाची चर्चा कायदा-सुव्यवस्थेवरच थांबली आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. तो असा, की जमीन युद्धापुरती ताब्यात घेतली होती की मोबदला देऊन कायमची विकत घेतली होती? 1939 च्या भारत संरक्षण कायद्यानुसार सरकारला दोन्ही करता येत होते. शेतकरी म्हणतात, युद्धानंतर परत देण्याच्या बोलीवर दिली. सरकार म्हणते, जमीन आमची. यातले खरे काय, ते त्या वेळचे आदेश, मोबदल्याच्या पावत्या आणि गावोगावचे फेरफार सांगतील. हे सारे गावकऱ्यांसमोर ठेवले पाहिजे.

देशाच्या सुरक्षेचे काय, असे कोणी विचारेल. नौदलाची गरज खरी असू शकते, आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण ऐंशी वर्षांपूर्वीचा फेरफार वाचल्याने शत्रूच्या हाती काहीच लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारी भूमी पेढीला परत देण्याची तरतूद आहे, पण ती त्याच कायद्याखाली घेतलेल्या जमिनीपुरती. नेवाळीला तिचा आधार मिळत नाही. हे मान्यच. म्हणूनच तर सगळी भिस्त जुन्या कागदांवर येते. जमीन रीतसर विकत घेतलेली निघाली, तर शेतकऱ्यांना तसे पुराव्यासह सांगा आणि इतकी वर्षे कसणाऱ्यांच्या पुनर्वसनाचे बोला. ताबा तात्पुरता होता असे दिसले, तर नौदलाला जमीन हवीच असल्यास आजच्या कायद्याने, आजच्या दराने घ्यावी. परत मिळालेली जमीन बिल्डरांच्या घशात जाईल, ही भीती खोटी नाही; कल्याण-अंबरनाथच्या वाढीकडे पाहिले की ती पटते. त्यावर उपाय म्हणून वारसांची कसून तपासणी करावी आणि विक्रीवर काही वर्षांची बंदी घालावी. मालकाचा हक्क नाकारणे हा त्यावरचा उपाय होत नाही.