कॅनॉलचा रस्ता डांबरी करू नका

शीर्षक वाचून काही जण चिडणार, माहीत आहे. वीस-बावीस वर्षं "गावाला रस्ता कधी होणार?" अशा बातम्या करणारा माणूस आता रस्ता नको म्हणतोय, याला झालंय तरी काय, असंच वाटेल. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. जोर, गोळेगावसारख्या खोऱ्याच्या टोकाच्या गावांना पक्का रस्ता हवाच. रात्री पेशंट खाली आणायचा तर मुरुमावर गाडी आदळत आणायची का? त्यावर वादच नाही.

मी बोलतोय ते धोमच्या कालव्याकडेच्या रस्त्याबद्दल. आपण त्याला 'कॅनॉलवरचा रस्ता' म्हणतो. कुठे मुरूम, कुठे नुसती माती, कुठे खडी उघडी पडलेली. हा रस्ता पाटबंधारे खात्याने कालव्याच्या देखभालीसाठी ठेवलेला आहे. गावांना जोडणारे डांबरी रस्ते वेगळे आहेत. तरी दर निवडणुकीच्या तोंडावर चहाच्या टपरीवर विषय निघतोच, "कॅनॉलचा रस्ता डांबरी केला की मस्त बायपास होईल."

बायपास कोणासाठी? शनिवार-रविवारी पसरणी घाटाची काय अवस्था असते ते वाईकरांना सांगायला नको. पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रांग लागते. कॅनॉलवर डांबर पडलं की मोबाइलचा नकाशा त्यातल्या निम्म्या गाड्या तिकडे वळवणार. त्यांच्या मागे मुरमाचे डंपर आणि रिकाम्या रस्त्यावर हात साफ करणारी पोरं.

आणि आज त्या रस्त्यावर कोण असतं ते एकदा सकाळी जाऊन बघा. शाळेला सायकलवर निघालेल्या मुली. शुगर झाल्यावर डॉक्टरांनी चालायला लावलेले काका-काकू. शेळ्या घेऊन निघालेली आजी. चारीचं दार उघडायला आलेला पाटकरी. एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला ऊस नाहीतर हळद, समोर पांडवगड. मागून हॉर्न नाही. तालुक्यात मागे वळून न बघता चालता येईल असा दुसरा लांबलचक रस्ता मला दाखवा.

आता यात नवीन पाहुणे आलेत. गेल्या काही वर्षांत पुण्याकडून सायकलवाले यायला लागले. सुरुवातीला मलाही वाटलं, चांगला डांबरी रस्ता सोडून हे मातीत कशाला शिरतात? एकाला विचारलं. म्हणाला, "दादा, हायवेला जीव मुठीत धरून चालवावी लागते. इथे डोंगर बघत चालवता येते." त्यांच्या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड. डांबरावरच्या शर्यतीच्या सायकलचा टायर साधारण २५ ते २८ मिलिमीटरचा असतो, याचा ३५ ते ५० मिलिमीटरचा. त्यामुळे मुरूम, खडी, माती सगळं चालतं. सायकल लाखाच्या घरात जाते हे खरं, पण रस्त्याला तिचं कौतुक नाही. त्याच मुरुमावर आपल्या पोरींची शाळेची सायकलही चालतेच.

जगात या प्रकाराचं वेड वाढतंय आणि त्याची पहिली अट एकच आहे, रस्त्यावर मोटार नको. अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. ती कालव्याची आहे आणि आमच्या धंद्यातलीही आहे.

वॉशिंग्टनपासून पोटोमॅक नदीच्या खोऱ्यातून कंबरलँड गावापर्यंत एक जुना कालवा जातो. मालाच्या होड्या ओढणारी खेचरं चालावीत म्हणून त्याच्या काठाने मातीची वाट केलेली. लांबी सुमारे २९७ किलोमीटर. १९२४ च्या पुरानंतर होड्या बंद पडल्या आणि वाट ओस पडली. मग सरकारच्या डोक्यात आलं की इथून मोटारींसाठी रस्ता काढू. जानेवारी १९५४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला.

तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना ते पटलं नाही. त्यांनी पेपरला पत्र लिहिलं. मतलब एवढाच, की अग्रलेख लिहिणाऱ्याने माझ्याबरोबर ही वाट पायी चालावी, मग बोलू. संपादक मंडळींनी आव्हान घेतलं. मार्च १९५४ मध्ये पन्नासहून जास्त माणसं निघाली. आठ दिवसांची चाल, पूर्ण अंतर पायी गेले फक्त ९ जण. पण चालून आल्यावर पेपरने आपली भूमिका बदलली. मोटाररस्ता मागे पडला आणि १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

कंबरलँडच्या पुढची गोष्ट आपल्यासारख्या छोट्या गावांनी जास्त लक्ष देऊन वाचावी. तिथून पिट्सबर्गपर्यंत कोळसा आणि पोलादाच्या जोरावर चालणाऱ्या रेल्वेचा मार्ग होता. धंदे बसले, रूळ उखडले, गावं सुकली. मग त्या जागेवर बारीक चुनखडी दाबून सायकलवाट करायला घेतली. १९८६ मध्ये पहिला १४-१५ किलोमीटरचा तुकडा खुला झाला आणि शेवटचा २०१३ मध्ये. म्हणजे २७ वर्षं लोक चिकटून राहिले. आज नद्यांच्या कडेने, ॲलेगेनीच्या जंगलाच्या डोंगरांतून, जुन्या रेल्वेपुलांवरून आणि बोगद्यांतून ही सुमारे २४० किलोमीटरची वाट जाते. कालव्याची वाट धरून सव्वापाचशे किलोमीटरच्या वर प्रवास, एका मोटारीचाही हॉर्न न ऐकता. कन्फ्लुअन्स, मायर्सडेलसारख्या छोट्या गावांत त्यामुळे खानावळी, मुक्कामाची घरं, सायकल दुरुस्तीची दुकानं चालतात.

मोटारीतला पर्यटक आपल्या गावातून जातो, थांबत नाही. मेणवलीचा घाट बघितला, फोटो काढला, निघाला. सायकलवाल्याला तासाभराने भूक लागतेच. तो पिठलं-भाकरी मागतो, ताक मागतो, पंक्चर काढून मागतो, संध्याकाळी पडायला खोली मागतो. हा पैसा मोठ्या हॉटेलात जात नाही, ओसरीवर येतो.

दुसरी बाजू शेतकऱ्याची. "आमचा ऊस बाहेर कसा काढायचा?" हा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. ट्रॅक्टर आणि बैलगाडी या रस्त्यावर चाललीच पाहिजे, तोडणीच्या हंगामात ट्रॉलीही. पण ऊस बाहेर काढायला डांबर लागत नाही, पावसाळ्यानंतर वेळेवर मुरूम आणि रोलर लागतो. तोच मिळत नाही, म्हणून माणूस वैतागून डांबर मागतो.

शिवाय कालव्याचा भराव मातीचा आहे हे विसरू नका. त्यावरून रोज भरलेले डंपर गेले तर भराव किती दिवस दम धरणार? कालवा फुटला की काय होतं ते २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ सगळ्यांनी बघितलंय. तिथलं कारण वेगळं असेल, पण घरात पाणी शिरल्यावर कारण कोण विचारत बसतो?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. कॅनॉलचा रस्ता मुरमाचाच राहू द्या. दरवर्षी पावसाळा संपला की खड्डे भरून रोलर फिरवा.

२. दोन्ही टोकांना लोखंडी गेट लावा. किल्ली पाटकऱ्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे. शेतकऱ्याला कधीही, उसाच्या गाड्यांना हंगामात, रुग्णवाहिकेला चोवीस तास वाट. बाकी चारचाकी आणि डंपर बंद. चालणाऱ्याला आणि सायकलला शेजारून जायला फट ठेवा.

३. वळणांवर आणि पुलांपाशी कठडे बांधा. कालव्याला पाणी सुटलेलं असताना पोर घसरलं तर हाताला लागत नाही. हे काम सगळ्यात आधी व्हावं.

४. सायकलवाल्यांनाही नियम हवेत. कचरा आपल्याबरोबर परत न्यायचा, शेतात शिरायचं नाही, जनावर दिसलं की उतरून चालायचं.

याला कोटींचं टेंडर लागत नाही. कदाचित हीच अडचण असेल! डांबराच्या कामाचं भूमिपूजन होतं, फ्लेक्स लागतो. मुरुमावर रोलर फिरवण्याचं उद्घाटन करायला कोण येणार?

ज्यांना डांबर हवंय त्यांच्याशी मला भांडायचं नाही. सरपंच, सदस्य, इच्छुक उमेदवार, सगळ्यांना जाहीर आमंत्रण आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मेणवलीच्या घाटावर या. सायकल असेल तर सायकल, नसेल तर पायी. दोन तास कॅनॉलवरून जाऊ, वाटेत भेटेल त्याला विचारू, त्याला काय हवंय. मग ग्रामसभेत विषय मांडू आणि ठराव घेऊ. डांबर लगेच टाकता येतं, पण एकदा पडलं की ते काढून परत मुरूम टाकणारा कोणी भेटणार नाही.

कोण कोण येतंय ते खाली लिहा. विरोध असेल तर तोही लिहा, पण रविवारी चालून आल्यावर.