नमुन्याचे घर

मुंबईच्या उपनगरांत एखादी मोठी इमारत उभी राहू लागली की पायाचे काम चालू असतानाच तिच्या आवारात एक घर मात्र पूर्ण होते. खड्ड्यात अजून पाणी साचलेले असते, लोखंडी गज उघडे पडलेले असतात, ते वाकविणारे मजूर कडेच्या पत्र्याच्या खोपटांत बायकामुलांसह दिवस काढीत असतात. पण विक्री-कार्यालयाच्या थंडगार दालनापलीकडे हे एक घर पडद्यांसह, पलंगासह, मेजावरच्या फळांसह सज्ज असते. त्यात कोणी राहत नाही, कोणी राहणारही नसते. विक्री आटोपली की बहुधा ते पाडून टाकतात. त्याला ‘सॅम्पल फ्लॅट’ म्हणतात. या शहरात सर्वांत निगुतीने बांधले जाणारे घर कोणते, असे कोणी विचारले तर या पाडावयाच्या घराकडेच बोट दाखवावे लागेल.

हे घर सजविण्याचे आता एक शास्त्रच झाले आहे. पलंग नेहमीपेक्षा आखूड घडवून घ्यायचा, म्हणजे खोली ऐसपैस दिसते. कपाट उथळ ठेवायचे. ते उघडून पाहण्याचा संकोच गिऱ्हाइकाला वाटतोच. दारे शक्यतो बसवायचीच नाहीत, कारण उघडणारे दार किती जागा खाते हे ध्यानात येता कामा नये. भिंती विटांऐवजी प्लायवुडच्या, आणि एखादी सबंध आरशाची. खिडकीबाहेर समुद्राचे छायाचित्र. स्वयंपाकघरात पाण्याचे पिंप नाही, सिलिंडर नाही, केरसुणी नाही. दोरीवर वाळणारे कपडे नाहीत. आजारी म्हाताऱ्याची खाट नाही. संसारातील ज्या ज्या गोष्टींमुळे जागा अपुरी पडते त्या सर्व वगळल्या की जे उरते ते हे घर होय.

यावर व्यवहारी मंडळींचे उत्तर ठरलेले आहे. माल मांडून दाखविण्यात गैर ते काय? मंडईतली भाजीवालीसुद्धा मेथीवर पाणी शिंपडतेच की! तुलना मोठी सोयीची आहे. पण ती टिकत नाही. भाजीवालीची जुडी गिऱ्हाईक हातात घेते, उलटून पाहते, आतली पाने पिवळी निघाली तर परत टाकते. फसगत झालीच तर एका जेवणापुरती. येथे दाखविली जाणारी जुडी एक आणि पदरात पडणारी दुसरी. आणि ती दुसरी अजून उगवलेलीही नसते. तिच्यापायी कारकुनाने, शिक्षकाने वीस-वीस वर्षांचे हप्ते, घरातले दागिने आणि गावाकडच्या जमिनीचा तुकडा पणाला लावलेला असतो.

कायद्याला याची जाण नाही असे नाही. २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाच्या १२ व्या कलमात जाहिरात व माहितीपत्रक यांच्या जोडीने नमुना सदनिकेचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यांच्या आधारे ज्याने पैसे भरले आणि त्यांतील खोट्या निवेदनामुळे ज्याचे नुकसान झाले, त्याला भरपाई मागता येते. व्यवहारातून अंग काढून घ्यावयाचे असल्यास संपूर्ण रक्कम व्याजासह मागता येते. तरतूद चांगली आहे. परंतु खोटे निवेदन सिद्ध करावे लागते, आणि आखूड पलंग काही निवेदन करीत नाही. तो नुसता उभा असतो. शिवाय याच कायद्यातील व्याख्येनुसार चटई क्षेत्रफळात घराच्या आतील विभाजक भिंतींची जाडीही धरली जाते. म्हणजे भिंतीखालच्या जागेचे पैसे गिऱ्हाइकाने भरायचे, आणि नमुन्यात ती भिंत पातळ करून किंवा गाळून दाखविली की हिशोब त्याच्या लक्षातही येत नाही. दोन-चार वर्षांनी ताबा मिळतो, फरक डोळ्यांना दिसतो. पण तोवर नमुना पाडलेला असतो. ज्याच्या जोरावर विक्री झाली, तो पुरावाच विकणाऱ्याच्या हातून नाहीसा झालेला असतो.

आता त्याच आवारातील दुसऱ्या इमारतीकडे पाहावे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एकाच भूखंडावर दोन इमारती उभ्या राहतात: एक विक्रीची, दुसरी त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांची. १९९५ च्या योजनेत या कुटुंबांना २२५ चौरस फुटांची घरे ठरली, पुढे ती २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांची झाली. या घरांचा नमुना असा थाटामाटाने सजविल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. कारण उघड आहे. ठरलेल्या बहुमताची संमती एकदा मिळाली की एकेकट्या कुटुंबाला नकार देण्याची सोय उरत नाही. आणि ज्याला नकार देता येत नाही त्याच्यासमोर माल सजवावा लागत नाही. सजावट ही गिऱ्हाइकाच्या मानाची खूण नव्हे, ती त्याच्या खिशाची मोजदाद आहे.

गिरणगावाची कथा याहून वेगळी नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात कामगार देशोधडीला लागला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली, तेव्हा एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी सोडण्याचे बंधन होते. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशोब बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरताच आक्रसला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. आज तेथल्या मनोऱ्यांत दाखविल्या जाणाऱ्या घरांच्या खिडकीत समुद्र असतो. शेजारची चाळ नसते.

मग एवढ्या खटाटोपाने विकलेली घरे जातात कोणाकडे? २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. त्यानंतर वर्षभराने केंद्र सरकारच्याच तज्ज्ञगटाने नागरी घरांचा तुटवडा सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचे सांगितले. एकट्या मुंबईत रिकामी घरे ४ लाख ८० हजारांच्या आसपास असल्याचा उल्लेख २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत आहे. हे आकडे शेजारी ठेवले म्हणजे ध्यानात येते की नमुन्याच्या घराने एका बाबतीत तरी खोटे सांगितले नव्हते. त्यात कोणी राहत नव्हते. विकल्या गेलेल्या पुष्कळ घरांतही कोणी राहत नाही. घर हे राहण्यासाठी न घेता भाव चढेपर्यंत धरून ठेवण्यासाठी घेतले जाते, तेव्हा दोरी, पिंप आणि म्हाताऱ्याची खाट वगळणारा नमुना हाच त्या व्यवहाराचा प्रामाणिक नमुना ठरतो.

केवळ हळहळून भागणार नाही; मागण्या नेमक्या हव्यात. नमुना सदनिका विकावयाच्या घराच्याच मापाची, त्याच भिंतींची, दारांसह असली पाहिजे आणि तिचे चटई क्षेत्रफळ जमिनीवर आखून लिहिले पाहिजे. शेजारी तेवढीच एक रिकामी खोली दाखविलीच पाहिजे. शेवटच्या ग्राहकाला ताबा मिळेपर्यंत ती पाडण्यास मनाई हवी. पाडण्यापूर्वी नियामक प्राधिकरणाने तिची मापे नोंदवून घ्यावीत. पुनर्वसनातील कुटुंबांनाही संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यांच्या घराचा असाच खरा नमुना पाहण्याचा हक्क मिळावा. आणि जी घरे वर्षानुवर्षे कुलुपात राहतात त्यांवर असा कर बसवावा की कुलूप ठेवणे परवडेनासे व्हावे.

यातील एकाही मागणीने बांधकाम थांबणार नाही. थांबेल तो फक्त आरशांचा धंदा. ज्याचा माल खरा आहे त्याने टेपपट्टीला भिण्याचे कारण नाही. आणि जो भितो त्याच्या दारात घर शोधणाऱ्यांनी एकट्यादुकट्याने नव्हे, संघटित होऊन, हातात टेपपट्टी घेऊनच गेले पाहिजे.