सेंट मोजले, कट कोण मोजणार?

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लासूर स्टेशन लागते. रेल्वेमुळे वाढलेली ही कांद्याची, कापसाची, मक्याची पेठ. तिथला सराफही याच पिकांच्या पैशावर उभा आहे. कापूस विकला गेला, तुळशीचे लग्न लागले की गंगापूर-वैजापूरच्या बाजूची माणसे डाग करायला येतात. गंठण, झुमके, पाटल्या यांचे गणित या पेठेला पाठ आहे. गेल्या काही हंगामांत मात्र साखरपुड्यासाठी एक नवी मागणी काउंटरवर येऊ लागली आहे, ती हिऱ्याच्या अंगठीची. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोने लाखाच्या पुढे गेले, प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा स्वस्त झाला आणि मुला-मुलींनी फोनवर अंगठ्या पाहिल्या. मागणी वाढायला एवढे पुरेसे होते.

माल आला, गिऱ्हाईक आले, विकण्याची भाषा मात्र सोन्याचीच राहिली. ‘तीस सेंट आहे’, ‘पन्नास सेंट आहे’ असे म्हणून आपण अंगठी पुढे करतो. फार तर रंग आणि क्लॅरिटी सांगतो. कटबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून आपणही बोलत नाही. खरे तर चार निकषांपैकी गिऱ्हाइकाला नुसत्या डोळ्यांनी सर्वांत आधी दिसतो तो कटच. व्हीएस-वन आणि व्हीएस-टू यांतला फरक दहा पट भिंगाखालीही शोधावा लागतो. वाईट कटाचा हिरा हातभर अंतरावरून मेलेला दिसतो.

वजनाचा हा मोह जुना आहे. सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा व्यापारी रस्ता दौलताबाद-औरंगाबादवरून जात असे. त्या रस्त्याने हिऱ्यांच्या व्यापारासाठी फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने इथल्या कारागिरांबद्दल लिहून ठेवले आहे की, खड्यात दोष असला तर ते त्यावर बारीक पैलू पाडून तो झाकतात. दोष झाकला जातो, वजनही फारसे जात नाही.

त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानातला नासक हिरा आपल्याला आणखी जवळचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला. त्या वेळी तो सुमारे नव्वद कॅरेटचा होता, आकाराने तिकोनी आणि वजन राखून घडवलेला. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने मूळ आकार शक्य तितका ठेवून त्याला पुन्हा पैलू पाडले आणि तो ऐंशीच्या आसपास आला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन यांनी तो घेतला आणि पुन्हा कापायला लावला. आज त्याचे वजन ४३.३८ कॅरेट आहे. देवस्थानातला हिरा परका झाला याचे दुःख वेगळे, ते आहेच. पण ज्याचा सगळा धंदा हिऱ्यांचा, त्या माणसाने तेजासाठी जवळजवळ निम्मे वजन घासून टाकले, ही गोष्ट आपल्या प्रत्येक काउंटरवर सांगण्यासारखी आहे.

सुरतेच्या घंटीवर बसणाऱ्या कारागिराला एवढी मोकळीक नसते. कच्च्या खड्यातून निम्मे वजन हाती आले तरी चांगले मानले जाते. त्यात भाव ठरावीक टप्प्यांवर उडी मारतो, पन्नास सेंटला आणि पूर्ण कॅरेटला. शेहेचाळीस सेंटचा देखणा हिरा होऊ शकणारा खडा मग पन्नास सेंटचा केला जातो. गर्डल जाड ठेवायचा, पोट खोल ठेवायचे, झाले. नीट कापलेला पन्नास सेंटचा गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर व्यासाचा असतो. तुमच्या हातातला पन्नास सेंटचा खडा कॅलिपरवर ५.० भरला, तर त्याचे तोंड नीट कापलेल्या शेहेचाळीस सेंटच्या हिऱ्याएवढे आहे. वरचे चार सेंट तळाशी, सेटिंगच्या आत गेले. त्यांचे पैसे गिऱ्हाईक मोजणार आणि ते त्याला कधीच दिसणार नाहीत.

कोनांचे शास्त्र अवघड नाही. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, म्हणून त्यात शिरलेला प्रकाश साधारण साडेचोवीस अंशांपेक्षा तिरपा आपटला की आतल्या आत परततो. खालचे पैलू या हिशेबाने बसले तर प्रकाश तोंडातून बाहेर येतो, चुकले तर बुडातून निसटतो. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये हे गणित मांडले. टेबल ५३ टक्के, क्राउन ३४.५ अंश, पॅव्हिलियन ४०.७५ अंश. आज आपण टेबल ५४ ते ६०, खोली ५९ ते ६२.५ टक्के, क्राउन ३४ ते ३५ आणि पॅव्हिलियन ४०.६ ते ४१ अंश एवढा पट्टा धरून माल निवडला तर फसण्याची शक्यता फार कमी. पॅव्हिलियन उथळ असेल तर टेबलातून गर्डलचे करडे कडे दिसते, त्याला बाजारात फिश-आय म्हणतात. फार खोल असेल तर मधोमध काळा डाग पडतो. हे दोन्ही ओळखायला यंत्र लागत नाही.

प्रमाणपत्रावर ‘एक्सलंट’ लिहिले आहे म्हणून निवांत होऊ नका. जीआयए २००६ पासून गोल ब्रिलियंटला कटची श्रेणी देते, पण ‘एक्सलंट’चा पट्टा बराच रुंद आहे. पट्ट्याच्या कडेचा, क्राउनही चढा आणि पॅव्हिलियनही खोल असा खडा त्यात बसतो आणि मधल्या खड्यापुढे फिका पडतो. शेवटी कागदावरची आकृती आणि कोन पाहावेच लागतात. हॉलमार्कचा तर इथे संबंधच नाही. एचयूआयडी अंगठीच्या सोन्याबद्दल बोलते. ७५० किंवा ५८५ शिक्का पाहून खडाही तपासलेला आहे असे अनेक गिऱ्हाइके समजतात. हा समज आपण आपणहून दूर केला पाहिजे, तो सोयीचा असला तरी.

आता दिव्यांचे. शोकेसमधले एलईडी स्पॉट कोणत्याही खड्याला नाचवतात, झिरकॉनलाही. कट पाहायचा तर खडा दुकानाच्या पायरीवर, सावलीत न्यावा. आभाळाचा पसरलेला उजेड हवा, ऊन नको. हात थोडा डोलवला की उजळ आणि गडद पैलूंची रेखीव अदलाबदल दिसली पाहिजे, सगळ्या बाजूंनी सारखी. एका बाजूला पाणी साचल्यासारखे निस्तेज दिसले तर खडा परत पेटीत. गिऱ्हाइकाला हे पायरीवर दाखवणारा सराफ मला ठाऊक आहे. भाव करायला त्याच्याकडे सगळ्यांत कमी वेळ जातो.

लासूरसारख्या पेठेत सॉलिटेअर कमीच जातात, हे मान्य. एक-दोन सेंटचे सात-नऊ खडे एकत्र बसवलेली अंगठी जास्त खपते. या बारीक मालाला सुट्या खड्याचे कट-प्रमाणपत्र नसते. म्हणूनच इथे भिंग जास्त लागते. सत्तावन्न पैलूंचा फुल कट आहे की सतरा-अठरा पैलूंचा सिंगल कट, हे आपण पाहायचे आणि बिलावर लिहायचे. प्रेशर सेटिंगचा एकत्र बसवलेला माल लांबून अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्यासारखा दिसतो. तो विकण्यात गैर काही नाही, सॉलिटेअरच्या शब्दाने विकण्यात आहे.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याबाबत तर सबबच उरत नाही. तिथे कच्चा माल स्वस्त आहे, चार सेंट वाचवण्याची गरज नाही. तरीही बेढब खोल खडे बाजारात येतात, कारण घेणारे सेंटवरच घेतात. असा माल घाऊकवाल्याला परत करा. पॅव्हिलियनचे कोन विचारणारे दुकानदार वाढले की कोन सुधारतील.

एक गोष्ट विक्रीनंतरची. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो. कणीक मळणाऱ्या, धारा काढणाऱ्या हातातला उत्तम कटही महिन्याभरात मंदावतो आणि तक्रार आपल्याकडे येते. म्हणून अंगठीला मागून मोकळे सेटिंग द्या, कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने ती कशी धुवायची ते देतानाच दाखवा.

वाचक सराफांना एकच विनंती. या लग्नसराईपासून हिऱ्याच्या प्रत्येक अंगठीच्या बिलावर सेंटच्या शेजारी मिलिमीटरमधला व्यास, खोलीची टक्केवारी आणि कट लिहा. बारीक मालावर फुल कट की सिंगल कट एवढे तरी लिहा. कॅलिपर आणि भिंग आपल्याकडे आहेतच, बिलात एक रकाना वाढवायचा आहे.