गाडी घरातली, पण नाव कोणाचे?

अमरावतीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सासरे डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात न्यावे लागते आणि वऱ्हाडच्या उन्हात ऑटोतून नेणे आता त्यांना सोसत नाही. म्हणून जुनी कार घ्यायचे ठरले आहे. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, त्यामुळे तीन वर्षे साठवलेले २ लाख ४० हजार रुपये रोख द्यायचे आहेत. गाडी अकोल्याच्या मामूंकडे आहे. तशाच गाडीला बाहेर तीन लाख सांगतात. भगिनी लिहितात, "मामू म्हणतात, घरातलीच गाडी आहे, घेऊन जा, नावाचे सावकाश पाहू. गाडी अजून नानांच्या नावावर आहे. नाना दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. कागद मागितले तर मामूंना वाईट वाटेल. काय करावे?"

भगिनी, साठ हजार रुपये वाचत आहेत, हे खरे. पण सौदा चांगला की वाईट हे किमतीवरून ठरत नाही. गाडी तुमच्या नावावर कधी होते, यावरून ते ठरते.

आमच्याच घरातले सांगतो. आमच्या थोरल्या भाईजानने आपली जुनी व्हॅन एका ओळखीच्या माणसाला विकली. पैसे मोजून घेतले, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, चावी दिली आणि विषय संपला असे समजले. त्या माणसाने व्हॅन दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. चार वर्षांनी घरी नोटीस आली. व्हॅनने एका दुचाकीस्वाराला उडवले होते आणि विमा कधीच संपला होता. कागदावर मालक भाईजानच होता. भरपाईसाठी अब्बांनी घेऊन ठेवलेला प्लॉट विकावा लागला. त्या रात्री अब्बा एवढेच म्हणाले, "चावी दिली, नाव ठेवून घेतलं."

कायदा याच बाजूने आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण होते. नोंदणीकृत मालकाने २००७ मध्ये गाडी विकली, ती पुढे हातोहात फिरली आणि २००९ मध्ये अपघात झाला. नोंदणी बदललेली नव्हती, म्हणून न्यायालयाने जबाबदारी त्या पहिल्या मालकावरच ठेवली. म्हणजे नाव बदलून न घेतल्यास विकणाराही अडकतो. मामूंना हे समजावून सांगता येईल. कागद पक्के करणे हे त्यांच्याही हिताचे आहे.

तुमच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट आहे. गाडी नानांच्या नावावर आहे, म्हणजे ती आज एकट्या मामूंची नाही. ती नानांचा तरका आहे. त्यात नानींचा हिस्सा आहे, मामूंचा आहे, खालांचा आहे आणि तुमच्या अम्मींचाही आहे. एकट्या मामूंना ती विकता येणार नाही आणि तुम्हाला ती घेता येणार नाही. सर्व वारसांनी राजीखुशीने हिस्सा सोडला किंवा रक्कम वाटून घेतली, तर तसे कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या. बहिणीच्या तोंडावर कोणी 'नको' म्हणत नाही, म्हणून अम्मींना आणि खालांना वेगवेगळे विचारा.

मग आरटीओचे काम दोन टप्प्यांत होईल. आधी मृत्यू दाखला, वारसांची संमती आणि फॉर्म ३१ भरून गाडी एका वारसाच्या नावावर करावी लागते. हा अर्ज मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचा असतो. इथे दोन वर्षे झाली आहेत, त्यामुळे उशिराचा दंड धरून चला. त्यानंतर विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. अकोल्याची एमएच-३० गाडी अमरावतीच्या एमएच-२७ मध्ये आणली तरी नंबर तोच राहतो. आता बरेच काम संकेतस्थळावरून होते आणि ओटीपी नोंदणीतल्या मोबाइलवर जातो. नानांचा नंबर बंद असेल, तर तो आधी बदलून घ्यावा लागेल.

एक गोष्ट आपल्या घरांतून विसरली जाते. जो कर्जावर गाडी घेतो, त्याचे कागद बँक स्वतःच्या पैशाच्या काळजीने तपासते. आपण व्याज टाळतो आणि रोख देतो, तेव्हा हे कोणी करत नाही. म्हणून बँकेचे काम आपणच करायचे. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि नोंदणी, विम्याची मुदत, पीयूसी पाहा. गाडीवर जुने कर्ज नोंदलेले असेल, तर फॉर्म ३५ आणि फायनान्स कंपनीचे ना हरकत पत्र लागते. थकलेले ई-चलान आधी भरायला सांगा. चासी नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा. गॅस किट बसवलेले असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी. नोंद नसेल, तर दाव्याच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते. विमाही तुमच्या नावावर १४ दिवसांच्या आत करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाची नो क्लेम सवलत तुम्हाला मिळत नाही, म्हणून हप्ता वाढेल हे धरून चला.

आता गाडी पाहण्याविषयी. मामूंचा मिस्त्री नको, आपला ओळखीचा मिस्त्री घेऊन जा. सकाळी इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. गाडी आधीच गरम करून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. दुपारी भर बाजारातून हळू चालवत एसी लावा आणि इंजिनच्या तापमानाचा काटा पाहा. अकोल्याच्या मे महिन्यात जी गाडी तापत नाही, ती कुठेच तापणार नाही. ट्रायल महामार्गावर घेऊ नका. अकोला-अमरावती रस्त्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची लेन सलग डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला होता. तसल्या रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच वाटते. गल्लीबोळातून, खड्ड्यांतून न्या, म्हणजे खालचे आवाज ऐकू येतील.

सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहा. शेवटच्या टोकाला गाळाचा डाग असेल, तर गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असावी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर दिसायला नवे असले, तरी आपल्या उन्हात जुने रबर तडकते. सासऱ्यांना मागच्या सीटवर बसवून पाहायला विसरू नका. गाडी त्यांच्यासाठी आहे.

शेवटी किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायला हवा, पण अनेक जण आधीचाच भाव सांगतात. म्हणून त्याच गाडीची आजची नवी किंमत शोरूममधून लिहून आणा. मग टायर, बॅटरी, विमा, दंड आणि आरटीओचा खर्च बेरीज करा. चार टायर बदलावे लागले, तर तुमचे साठ हजार निम्म्यावर येतील. बाहेरून घेत असाल, तर ही बेरीज समोर ठेवून भाव करा. दुसऱ्या राज्यातली गाडी फार स्वस्त दिसली, तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स त्यात मिळवा.

राहिला मामूंना वाईट वाटण्याचा प्रश्न. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. तो अनोळखी लोकांपुरता नाही. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारात एका धान्याच्या ढिगात हात घालतात आणि बोटे ओली होतात, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकला आहे. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हे त्यांनी विक्रेत्याला विचारले. विकणाऱ्याने दोष सांगावा आणि घेणाऱ्याने विचारावे, यात नाते तुटत नाही.

मामूंना असे म्हणा: "मामू, गाडी तुमच्याकडूनच घ्यायची आहे. पण रस्त्यात काही झालं तर नोटीस नानांच्या नावाने यायला नको. आधी गाडी तुमच्या नावावर करू, मग माझ्या. दोन्हीचा खर्च आम्ही देतो." आमच्या अनुभवात एवढ्यावर कोणी मामू रागावत नाहीत. तोपर्यंत विसार म्हणून थोडी रक्कम द्या, पावती घ्या आणि बाकीचे पैसे नाव बदलल्याच्या दिवशी.

यात महिना-दीड महिना जाईल. तेवढे दिवस ऑटोवाल्याशी महिन्याचे भाडे ठरवून घ्या. अल्लाह तुमच्या सासऱ्यांना शिफा देवो. गाडी घरी आली की आम्हाला जरूर कळवा.