तांबं त्यांनी वाचवायचं, शाळू आमचा वाळायचा?



किटकॅटमध्ये जाड तार घातली की शेतकरी अडाणी ठरतो. मग सौरपंपाच्या कंट्रोलरमध्ये जो तांब्याचा पट्टा बारीक ठेवतो, त्याला काय म्हणायचं? तज्ज्ञ?

2024 साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. किमतीचे 10 टक्के शेतकऱ्याचे, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर हे पैसे सहज निघत नाहीत. शाळू पोटरीत, कापूस बोंडात आणि कंट्रोलर जळालेला, तर गेलेलं पाणी कोण भरून देणार?

कंट्रोलरच्या आत सर्किट बोर्ड असतो. त्यावर वीज वायरीतून नाही, तांब्याच्या चपट्या पट्ट्यांतून जाते. साध्या बोर्डावर पट्ट्याची जाडी 35 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा हिस्सासुद्धा धड नाही. पाट अरुंद काढला की पाणी बांध फोडतं, पट्टा अरुंद ठेवला की तांबं तापतं. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट!

हिशेब अवघड नाही. 10 अँपिअर न्यायचे आणि पट्टा 20 अंशांहून जास्त तापू द्यायचा नाही, तर 35 मायक्रॉनला रुंदी पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास लागते. तांबं 70 मायक्रॉन घेतलं तर निम्मी पुरते. पट्टा बोर्डाच्या आतल्या थरात दडवला तर रूढ ठोकताळ्यानुसार दुपटीहून जास्त धरतात.

आणि हे 20 अंश पेटीतल्या हवेच्या वर धरायचे. वैशाखात बंद पेटीत 60 अंश झाले तर पट्टा 80 वर जातो. गार खोलीतली चाचणी जतच्या उन्हात काय कामाची?

म्हणून पंप घेतानाच लेखी विचारा: तांबं किती जाड? भर उन्हाळ्याच्या तापमानाला, पूर्ण भारावर, किती तास चालवून पाहिलं? योजनेत 5 वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. बिघाडाची तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पेटी मात्र स्वतः उघडू नका. ऊन असेपर्यंत पॅनेलची वीज जिवंत असते, आणि "तुम्हीच हात लावला" म्हणायला वाट मिळते.

आम्ही मेहरबानी मागत नाही. आमच्या पैशाच्या यंत्रात पुरतं तांबं मागतो.